तळाशी चिकटलेली रेघ

रांजणगावच्या एमआयडीसीत अंकिता कामाला लागली, तेव्हा त्या कारखान्यात तिला सगळ्यात जास्त धाक वाटायचा तो गौतमी मॅडमचा. मॅडम क्वालिटी डिपार्टमेंटच्या प्रमुख. आवाज कधी चढायचा नाही, पण हातातला कागद खाली ठेवून त्या चष्म्यावरून बघायला लागल्या की समोरच्याला आपली चूक आपोआप आठवायची. चोवीस वर्षं त्या ह्या एकाच कारखान्यात होत्या आणि रोज केडगावहून कंपनीच्या बसने यायच्या.

अंकिता निमोण्याची. गावाबाहेर धनगरवस्तीवर तिचं घर. वडील मल्हारी तरणे होते तोवर मेंढरं घेऊन दर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे. पोरगी शाळेत जायला लागली आणि त्यांनी मेंढरं विकून विहीर खणली. आता कांदा, थोडा ऊस आणि दोन गाई. पोरीने डिप्लोमा केला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलं, ह्याचं त्यांना एवढं अप्रूप की वस्तीवर कोणी नवा माणूस आला की पाण्याच्या आधी ते पोरीच्या नोकरीचं सांगायचे.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात अंकिताला पहिल्यांदा महिन्याच्या मीटिंगसाठी ग्राफ काढायला सांगितला. तिने हौसेने एकाच ग्राफमध्ये सगळं घातलं. रोज लोखंडी दांड्यांचे किती नग तयार झाले, त्यातले किती नापास झाले आणि दांड्याच्या जाडीत किती मिलिमीटरचा फरक पडला. नग आठ-नऊ हजार, नापास तीस ते साठ आणि जाडीतला फरक शून्य पॉइंट शून्य दोन. एक्सेलने सांगितलं तसं काढून दिलं. वर निळी रेघ झोकात नागमोडी चालली होती आणि बाकीच्या दोन तळाशी एकमेकींना चिकटून सरळ पडल्या होत्या.

मॅडमनी कागद हातात घेतला.

"नापास मालाची रेघ कुठं आहे?"

"आहे ना मॅडम. ही काय, खाली."

"ही? मग महिनाभरात नापास माल जराही वाढला नाही, कमी झाला नाही, असं समजायचं का मी?"

अंकिताला आकडे पाठ होते. वाढला होता. महिन्याच्या शेवटी दुप्पट झाला होता.

"तिसावरून साठवर गेला मॅडम."

"मग कागद का बोलत नाही तसं?" मॅडम म्हणाल्या. "नऊ हजारांच्या पट्टीवर तीस काय आणि साठ काय, दोन्ही शून्यच. तू खोटं काही लिहिलं नाहीस. पण दाबून टाकलंस."

पहिली पाळी तीनला सुटायची. पुढचे चार दिवस मॅडमनी अंकिताला तीन वाजल्यानंतर तासभर थांबवून घेतलं. कॉम्प्युटर बंद. समोर ग्राफचा कागद, पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं. डावीकडे हजारांची पट्टी, उजवीकडे नापास नगांची वेगळी पट्टी. मग दुसऱ्या कागदावर अशी पट्टी, की जिच्यात दर पायरीला आकडा दहापट होतो, एक, दहा, शंभर, हजार. मग एकाच ग्राफचा हट्ट सोडून एकाखाली एक तीन छोटे ग्राफ. पहिल्या दिवशी अंकिताच्या मनात आलं की शाळेत घातल्यासारखं चाललंय हे. तिसऱ्या दिवशी तिच्याच हाताखाली नापास मालाची रेघ वर चढताना दिसली, आणि ती नेमकी धातू कापायचं नवीन हत्यार मशीनला बसवलं त्या दिवसापासून चढत होती. त्या दिवशी चार वाजून गेले तरी ती उठली नाही.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता एक लक्षात ठेव. दुसरी पट्टी लावता आली की माणसाला हवं ते दाखवता येतं. आकडे ताणले की उंचवट्याचा डोंगर होतो. त्यामुळे ग्राफ बघून छातीत धडधडलं, तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा. मग दुसऱ्यावर."

अंकिताने मान डोलावली. कामाची गोष्ट म्हणून वहीत लिहूनही ठेवलं. कारखान्याच्या बाहेर त्याचा काही उपयोग होईल, असं तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वर्ष गेलं. मल्हारींना चार वर्षांपासून साखर होती. तपासण्या व्हायच्या, पण जशा जमतील तशा. कधी शिरूरला, कधी न्हावऱ्याला, कधी गावात शिबिर लागलं तर तिथं. जो डॉक्टर समोर असेल तो साखर बघायचा, गोळी वाढवायचा नाहीतर तीच ठेवायचा. त्या पावसाळ्यानंतर मात्र ते लवकर थकायला लागले. संध्याकाळी पायांवर सूज यायची, वहाणेचा अंगठा रुतायचा. म्हाळसाबाईंचं, म्हणजे अंकिताच्या आईचं, माहेर दौंडकडचं. तिकडच्यांनी दौंडमधल्या एका साखरेच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, म्हणून तिघं तिथं गेली.

डॉक्टरीणबाईंनी मल्हारींना नीट तपासलं, रक्त घेतलं. म्हाळसाबाईंनी पिशवीतून जुन्या रिपोर्टांचं बाड काढून टेबलावर ठेवलं. काही घडी पडून फाटलेले, एकावर चहाचा डाग.

"हे असं नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलगी शिकलेली आहे ना? सगळे आकडे तारखेप्रमाणे एका कागदावर काढून आणा. पंधरा दिवसांनी या, तोवर हा रिपोर्टही हातात येईल."

चौथ्या दिवशी नवा रिपोर्ट फोनवर आला. रविवारी सकाळी अंकिता ओसरीवर बाड पसरून बसली. अडीच वर्षांचे, नवा धरून अकरा रिपोर्ट. तिने आकडे लॅपटॉपवर भरले. पहिल्या रिपोर्टात प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार, साखर एकशे साठ, हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ, आणि क्रिएटिनिन, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, शून्य पॉइंट आठ. ग्राफ काढला आणि तिला हसूच फुटलं. वर प्लेटलेटची एक रेघ आणि बाकी सगळं तळाशी एकाच जाड रेघेत गेलेलं. पहिल्या मीटिंगचा कागद जसाच्या तसा.

"काय झालं गं हसायला?" म्हाळसाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"काही न्हाई आये. मॅडम असत्या तर परत चार दिवस बसवलं असतं."

मग तिने एकेक करून शिकलेलं वापरलं. दहापटीच्या पायऱ्यांची पट्टी लावून बघितली. रेघा सुट्या झाल्या खऱ्या, पण लाखापासून एकापर्यंतचा पल्ला एवढा मोठा की सगळ्याच सरळ झोपलेल्या दिसायला लागल्या. मग बाकीच्यांना बाजूला ठेवून तिने एकट्या क्रिएटिनिनला उजवीकडची पट्टी दिली.

रेघ चढत होती. आधीचं वर्षभर शून्य पॉइंट आठवर जागची हलली नव्हती. मग शून्य पॉइंट नऊ, मग एक, एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन, आणि ताज्या रिपोर्टात एक पॉइंट तीन. एकदाही खाली आली नव्हती.

अंकिताने लॅपटॉप बाजूला सरकवला. तिने परत बाड उपसलं. कुठल्याच रिपोर्टावर त्या आकड्यापुढे खूण नव्हती. बाजूला छापलं होतं, शून्य पॉइंट सात ते एक पॉइंट तीन. म्हणजे प्रत्येक वेळी आकडा चौकटीच्या आतच होता. दहा वेळा दहा जणांनी पाहिला, आणि प्रत्येकाने ठीक आहे म्हणून पान उलटलं, त्यात त्यांचं तरी काय चुकलं? की मीच पट्टी ताणून डोंगर केलाय?

तिने मॅडमना फोन लावला. रविवारी फोन केल्याबद्दल दोनदा माफी मागितली.

"फोनवर ग्राफ बघायचा नसतो," मॅडम म्हणाल्या. "लॅपटॉप घेऊन घरी ये. जेवायलाच ये."

न्हावऱ्यावरून, पारगावला भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून केडगावला पोचायला अंकिताच्या स्कूटीला तासाहून जास्त लागला. मॅडमचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. अंगणात सीताफळाचं झाड, दारात दोन खुर्च्या. साडीचा पदर खोचलेल्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या मॅडम तिने पहिल्यांदाच पाहिल्या. धाकाचं काय झालं ते तिला कळलंच नाही. लॅपटॉप उघडण्याआधीच तिचे डोळे भरून आले.

"रड, पण चार्जर लावून रड," मॅडम म्हणाल्या आणि तिच्यापुढे पाणी ठेवलं.

मग त्यांनी ग्राफ बघितला.

"उजवीकडची पट्टी शून्य पॉइंट सातपासून का सुरू केलीस?"

"एक्सेलने आपोआप घेतली."

"शून्यापासून लाव."

अंकिताने लावली. चढ निम्म्याहून कमी झाला, पण राहिला.

"तारखा. दोन रिपोर्टांत कधी दोन महिने आहेत, कधी पाच. तू सगळे सारख्या अंतरावर ठेवलेत. खऱ्या तारखांवर बसव."

बसवल्या. रेघेचा आकार थोडा बदलला. चढ होताच.

"आता दोन्ही पट्ट्या काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "हे मी तुला तेव्हा शिकवलं नव्हतं. प्रत्येक आकड्याला त्याच्याच पहिल्या आकड्याने भाग आणि शंभराने गुण. म्हणजे पहिल्या दिवशी सगळे शंभर. लाख असो नाहीतर शून्य पॉइंट आठ, सगळ्यांना एकच पट्टी. कोणालाही ताणायला जागा नाही."

अंकिताने गणित घातलं. चारही रेघा एका ठिपक्यातून निघाल्या. प्लेटलेट शंभराच्या आसपास, कधी शहाण्णव, कधी एकशे चार. हिमोग्लोबिन जवळपास तसंच. साखर खालीवर, खालीवर. आणि क्रिएटिनिन शंभर, एकशे बारा, एकशे पंचवीस, एकशे सदतीस, दीडशे आणि शेवटी एकशे बासष्ट.

स्टेशनात कुठली तरी गाडी थांबली, सुटली.

"मी डॉक्टर नाही," मॅडम अखेर म्हणाल्या. "हे कशामुळे आणि किती वाईट, ते मला सांगता येणार नाही आणि तूही इंटरनेटवर शोधत बसू नकोस. पण हे बघ, रेघ कुठून वळली?"

अंकिताने बोट ठेवलं. गेल्या वर्षीचा मे महिना.

"मशीनला नवीन हत्यार कधी बसवलं ते आपण विचारलं होतं ना? तसंच घरी जाऊन विचार. मे महिन्यात काय नवीन झालं? औषध, काम, खाणं, काहीही. आणि पंधरा दिवस थांबू नकोस. हा कागद घेऊन उद्याच दौंडला जा. तुझी सुट्टी मी बघते."

त्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शिवाय निघताना वडलांसाठी डबाही भरून दिला, बिनसाखरेची दुधी भोपळ्याची खीर.

संध्याकाळी उन्हं कलली होती. मल्हारी गोठ्यापाशी बाजेवर पाय पसरून बसले होते. अंकिताने बाजूला बसून सरळ विचारलं, "आप्पा, गेल्या सालच्या मे महिन्यात तुम्ही काय नवीन औषध सुरू केलं व्हतं का?"

"म्या? न्हाई बा. साखरंची गोळी ती तेवढी."

"नीट आठवा. कांदा काढून झाल्यावर."

मल्हारी गाईकडे बघायला लागले. म्हाळसाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा की आता. चंचीत काय ठिवलंय ते दावा लेकीला. मी बोलले तर माझ्यावर खेकसता."

मल्हारींनी कमरेची चंची सोडली. पान-सुपारीच्या खणाआड दुमडलेली प्लॅस्टिकची पुडी, त्यात बिनावेष्टनाच्या पांढऱ्या गोळ्या. कांदा काढणीत गुडघे धरले होते. आठवड्याच्या बाजारात एकाने दिल्या, दुसऱ्या दिवशी उठून पळायला लागले. तेव्हापासून सकाळी एक, संध्याकाळी एक. संपल्या की बाजारातून परत.

"रोज?"

"त्याबिगर उठवतच न्हाई गं. आन् तुला सांगितलं असतं तर तू रागावली असतीस. दिवसभर कंपनीत उभी ऱ्हातीस, त्यात माझा कशाला घोर." त्यांचा आवाज लहान झाला होता. "काय झालंय का त्यानं?"

अंकिताला राग आला होता, पण वडलांच्या तळहातावरच्या त्या चार गोळ्या बघून तो कुठल्या कुठं गेला. दीड वर्ष दुखणं तिच्यापासून लपवलं ते तिला घोर नको म्हणून.

"काय झालंय ते डॉक्टर सांगतील. उद्या जाऊ. आज संध्याकाळची घेऊ नका एवढंच."

दुसऱ्या दिवशी दौंडला डॉक्टरीणबाईंनी पिशवी बाजूला सारली आणि तो एक कागद हातात घेतला. मग पुडीतली गोळी उलटीपालटी करून तिच्यावरचा छाप वाचला आणि नवी तपासणी लिहून दिली. दुपारपर्यंत थांबावं लागलं. मल्हारी बाकावर ताठ बसून होते. म्हाळसाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो त्यांनी काढून घेतला नाही.

"वेदना थांबवणारी जबरदस्त गोळी आहे ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार दिवस घेतली तर ठीक. साखर असलेल्या माणसाने रोज दोन, वर्षभर घेतली तर किडनीवर ताण येतोच. पायाची सूजही त्यातलीच. अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण असंच आणखी वर्ष-दीड वर्ष चाललं असतं, तर मी काय बोलले असते ते मला बोलायला आवडलं नसतं."

मग त्या अंकिताकडे वळल्या. "मी नवा रिपोर्ट एकटा पाहिला असता ना, तर साखर बघून पुढे गेले असते. एक पॉइंट तीन म्हणजे काठावर, पण आतच. हा कागद कोणी काढायला शिकवला?"

"आमच्या मॅडमनी."

"त्यांना माझा नमस्कार सांग."

गोळ्या बंद झाल्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवले, शेक सांगितला, वजन थोडं उतरवायला सांगितलं. पहिले पंधरा दिवस मल्हारींना फार जड गेले. उठताना ते दात आवळायचे आणि बाजाराच्या दिवशी अंकिता किंवा म्हाळसाबाई त्यांच्या बरोबरच जायच्या. हळूहळू बसलं सगळं. गुडघे अजून दुखतात, पण काठी घेऊन चालतात. दीड महिन्याने आकडा एक पॉइंट दोन आला. मग एक पॉइंट एक. फाल्गुनात एकवर येऊन थांबला.

"हे असंच राहिलं तरी मी खूश आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मल्हारी म्हणाले, "आपल्याला केडगावला जायाचंय."

"आज? मॅडमना सांगितलं न्हाई आप्पा."

"मग सांग. पुढल्या रविवारी. मला त्या बाईंना बघायचंय."

रविवारी त्यांनी धुवट धोतर, पांढरी पैरण आणि फेटा घातला. म्हाळसाबाईंनी घरचं तूप, नवा कांदा आणि कोवळ्या मेथीची जुडी बांधून दिली. त्यांना यायचं होतं, पण एक गाय व्यायला झाली होती. "माझ्या वाटचं बी त्यांना सांगा," एवढं त्यांनी तीनदा बजावलं.

गौतमी मॅडम दारात आल्या तेव्हा मल्हारींनी काठी भिंतीला टेकवली आणि पायाला हात लावायला वाकायला लागले. मॅडमनी गडबडीने त्यांचे हात धरले. "अहो, मामा, काय करताय! तुम्ही माझ्यापेक्षा मोठे."

"मोठं नुसतं वयानं," मल्हारी म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचेना. येताना स्कूटीवर सगळं ठरवून आले होते काय बोलायचं ते. खुर्चीवर बसून ते फेट्याचा शेमला चाचपत राहिले. मग म्हणाले, "मला तो कागद दावा. माझा. पोरीनं दावलाय, पन मला तुमच्याकडनं बघायचाय."

अंकिताने लॅपटॉप उघडला. मॅडम त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, हा तुमचा पहिला दिवस, हा मे महिना, इथं तुम्ही गोळ्या सोडल्या. मल्हारी शाळेत चौथीपर्यंत गेलेले. ते मध्येच थांबवून विचारायचे, परत दाखवा म्हणायचे. ती चढत जाऊन मग खाली वळलेली रेघ त्यांनी बोटाने, काचेला न लावता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवली.

"म्हंजी ह्या वळणावर मी वाचलो व्हय?"

"हो मामा. ह्या वळणावर."

"तुमी नसता तर?"

"कळलं असतं कधीतरी. उशिरा."

मल्हारींनी दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. मॅडमनी चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, परत घातला, परत काढला.

"सव्वीस वर्षं ग्राफ काढतेय मी," त्या म्हणाल्या. "मीटिंगला जातात, फायलीत जातात. कोणी त्याच्यासाठी घरापर्यंत आलं नव्हतं कधी."

अंकिता उठून स्वयंपाकघरात गेली, मेथी निवडायला घेतली आणि तिथूनच दोघांचं बोलणं ऐकत राहिली. मल्हारींची जीभ आता सुटली होती. घाट कुठून उतरायचे, कोकणात भाताच्या खाचरांत मेंढरं बसवली की शेतकरी कसं जेवायला घालायचे, एका साली घाटातच अंकिताची धाकटी आत्या कशी जन्मली, सगळं सांगत होते. मॅडम हसत होत्या, मध्येच विचारत होत्या. कारखान्यात कधी ऐकू न आलेलं हसू.

जेवताना मॅडमनी मल्हारींच्या ताटात भात कमी वाढला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट म्हणाले, "तुमी वाढाल तेवढाच."

निघताना मॅडम दोघांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. "म्हाळसाताईंना घेऊन या पुढच्या वेळी," म्हणाल्या. "आणि अंकिता, उद्या सोमवार आहे. मागच्या आठवड्याचा ग्राफ नऊ वाजता टेबलावर पाहिजे."

"व्हय मॅडम," अंकिता म्हणाली आणि जीभ चावली.

पारगावच्या पुलावर वारं जोरात होतं. मागे बसलेले मल्हारी एका हाताने फेटा आणि एका हाताने पोरीचा खांदा धरून होते. नदीत पाणी बरंच होतं, काठाने ऊस.

"अंके," ते मागून मोठ्याने म्हणाले, "तुझ्या आयेला आज समदं तूच सांग. मला सांगाया गेलं की रडू येतंय."

"सांगते आप्पा. घट्ट धरा."